ऑलिव्हर कान : चार विश्वचषक, आठ सामने

गोलखांब (धागाकर्ता)

जर्मन फुटबॉल गोलरक्षक ऑलिव्हर कानचा विषय निघाला की बोलणे मिलानच्या २००१ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्याच्या रात्रीपासून किंवा योकोहामाच्या २००२ च्या विश्वचषक अंतिम सामन्यापासून सुरू होते. मला ते बर्लिनपासून सुरू करावेसे वाटते. ३० जून २००६ रोजी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत जर्मनी आणि अर्जेंटिना जादा वेळ संपल्यावरही १-१ असे बरोबरीत होते आणि पेनल्टी शूटआऊटची तयारी चालू होती. जर्मनीचा गोलरक्षक येन्स लेहमन गवतावर बसला होता. राखीव खेळाडूंमधून कान पुढे आला, लेहमनसमोर वाकला, त्याचा हात हातात घेऊन काही बोलला आणि बाजूला झाला. या दोघांमध्ये त्या काळात विस्तव जात नव्हता, हे फुटबॉल पाहणाऱ्या प्रत्येक जर्मन माणसाला ठाऊक होते. लेहमनने त्यानंतर आयाला आणि काम्बियासो यांचे फटके अडवले आणि जर्मनीने शूटआऊट ४-२ असे जिंकले. कानच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा क्षण कोणता, असे कोणी विचारले तर मी हाच सांगेन, आणि तो का, हे मांडण्यासाठी हा धागा काढला आहे.

कान चार विश्वचषकांच्या जर्मन संघात होता : १९९४, १९९८, २००२ आणि २००६. या चार स्पर्धांत मिळून तो आठ सामने खेळला. त्यांपैकी सात २००२ मधले आणि एक २००६ मधला. १९९४ मध्ये बोडो इल्गनर आणि अँड्रियास कोपके यांच्यामागे तो तिसऱ्या क्रमांकावर होता, आणि १९९८ मध्ये कोपकेच्या मागे दुसऱ्या. १९९६ ची युरो स्पर्धा जर्मनीने जिंकली, तेव्हाही तो एकही मिनिट मैदानात उतरला नाही. आघाडीचा खेळाडू राखीव असला तरी शेवटची वीस मिनिटे मिळण्याची त्याला आशा असते. संघात गोलरक्षकाची जागा एकच असते, आणि ती ज्याच्याकडे असते तो जायबंदी झाल्याशिवाय किंवा चुकल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. आपल्याच सहकाऱ्याच्या पडत्या काळावर ज्याची संधी अवलंबून आहे, अशी ही विचित्र जागा आहे.

कानचा जन्म १५ जून १९६९ रोजी कार्ल्सरूहे येथे झाला. वडील रोल्फ कान हे त्याच गावाच्या कार्ल्सरूहर एससी या क्लबकडून खेळले होते, आणि मुलगा सहाव्या वर्षी त्याच क्लबात दाखल झाला. बुंडेसलिगा या जर्मनीच्या अव्वल लीगमधला त्याचा पहिला सामना नोव्हेंबर १९८७ मध्ये कोलोनविरुद्ध झाला आणि कार्ल्सरूहे तो ०-४ असा हरला. त्यानंतर अलेक्झांडर फामुला हाच पहिल्या पसंतीचा गोलरक्षक राहिला आणि कानला नियमित जागा मिळायला १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे व्यावसायिक कारकिर्दीची सुरुवातच मुळी चार गोल खाऊन आणि मग जवळजवळ तीन वर्षे वाट पाहून झाली.

पुढचा चढ मात्र वेगाचा होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये युएफा चषक या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत कार्ल्सरूहेने स्पेनच्या व्हॅलेन्सियाला ७-० असे हरवले. दोन लढतींपैकी पहिलीत ते ३-१ ने हरले होते, त्यामुळे त्या रात्रीची आठवण तिकडे अजून निघते. प्रशिक्षक विनफ्रिड शेफर यांचा तो संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि १९९४ च्या उन्हाळ्यात बायर्न म्युनिकने कानला विकत घेतले. पहिल्याच हंगामात त्याच्या गुडघ्याचा क्रुसिएट लिगामेंट फाटला आणि कित्येक महिने गेले. तरीही जून १९९५ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध तो राष्ट्रीय संघाकडून पहिल्यांदा खेळला. पहिल्या पसंतीची जागा कोपके १९९८ च्या विश्वचषकानंतर निवृत्त झाल्यावरच त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने एकोणतीस वर्षे पूर्ण केली होती.

बायर्नकडून चौदा हंगामांत त्याने बुंडेसलिगाची आठ विजेतेपदे, जर्मन चषकाची सहा, १९९६ चा युएफा चषक आणि २००१ ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपीय क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली. राष्ट्रीय संघाकडून तो ८६ सामने खेळला आणि त्यांपैकी ४९ सामन्यांत तो कर्णधार होता. एवढे सगळे केलेल्या माणसाला ७ एप्रिल २००६ रोजी प्रशिक्षक युर्गन क्लिन्समन यांनी सांगितले की, मायदेशात होणाऱ्या विश्वचषकात लेहमन खेळेल. कान छत्तीस वर्षांचा होता. संघ सोडून देणे त्याला सहज शक्य होते आणि त्याने ते केले असते तर निम्मी जर्मनी त्याच्या बाजूने उभी राहिली असती. त्याने दुसरा गोलरक्षक म्हणून राहायचे ठरवले. जिंकण्याच्या हट्टावर ज्याने सगळे आयुष्य उभे केले, त्याने न खेळता संघात राहायला जे बळ लागते ते त्याच हट्टातून काढले, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते, हे वाचायला आवडेल.

रंकाळा

गोलखांब, धागा आवडला. मी कोल्हापूरचा. आमच्या पेठेतल्या संघासाठी मी नऊ हंगाम गोलकीपर म्हणून उभा राहिलो आहे, त्यामुळे या विषयावर लिहिल्यावाचून राहवत नाही. मला मात्र योकोहामाकडे जायचे आहे, कारण तो प्रसंग नीट समजल्याशिवाय बर्लिनचा हात हातात घेणे समजत नाही, असे मला वाटते.

२००२ च्या स्पर्धेत जर्मनीचा संघ फार भारी नव्हता. आधीच्या सप्टेंबरात म्युनिकमध्ये इंग्लंडने त्यांना ५-१ ने हरवले होते आणि पात्रतेसाठी त्यांना युक्रेनविरुद्ध प्ले-ऑफ खेळावा लागला होता. सौदी अरेबियाला आठ गोल मारून सुरुवात झाली खरी, पण बाद फेरीत पॅराग्वे, अमेरिका आणि दक्षिण कोरिया या तिन्ही लढती त्यांनी १-० अशाच जिंकल्या. पॅराग्वेचा सामना १५ जूनला होता, म्हणजे कानच्या तेहतिसाव्या वाढदिवशी. अंतिम सामन्यापर्यंतच्या सहा सामन्यांत त्याने एकच गोल खाल्ला होता, आणि तोही आयर्लंडच्या रॉबी कीनने इंज्युरी टाइममध्ये मारलेला. एका गोलवर सामने जिंकणाऱ्या संघात गोलकीपरवर किती भार असतो, हे गोलमध्ये उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पुढे दहा जणांनी काहीही केले तरी मागे एकाने चुकायचे नाही, असा तो करार असतो.

३० जूनला रविवार होता आणि ब्राझीलविरुद्धचा अंतिम सामना आपल्याकडे दुपारी साडेचारला सुरू झाला. आमच्या तालमीत टीव्हीसमोर शंभर-सव्वाशे माणसे दाटीवाटीने बसली होती आणि त्यांतली बहुतेक ब्राझीलच्या बाजूची. ६७ व्या मिनिटाला रिव्हाल्डोने बाहेरून फटका मारला. तो सरळ कानच्या अंगावर आला होता. असा चेंडू पकडताना हात पुढे नेऊन तो छातीकडे ओढून घ्यायचा असतो, म्हणजे त्याचा जोर अंगात जिरतो. तेवढे ओढून घेणे अर्ध्या क्षणाने चुकले की चेंडू हातावर आपटून पुढे उडतो. तसाच तो उडाला आणि ब्राझीलचा रोनाल्डो तिथे पोहोचलेला होता. बारा मिनिटांनी रोनाल्डोने दुसरा गोल मारला आणि सामना २-० ने संपला. त्या सामन्यात कानच्या उजव्या हाताच्या अनामिकेचा लिगामेंट फाटला होता, हे सगळ्यांना नंतर समजले. त्याने स्वतः ते कारण पुढे केले नाही. सामना संपल्यावर तो गोलखांबाला पाठ टेकून कितीतरी वेळ एकटा होता. सारी तालीम नाचत होती आणि मी त्या खांबाकडे पाहत होतो.

त्याआधीच्या वर्षी एका स्थानिक सामन्यात माझ्या हातातून असाच चेंडू सुटला होता. समोर रोनाल्डो नव्हता, शेजारच्या पेठेतला सोळा वर्षांचा पोरगा होता, पण गोल तो गोलच. त्या संध्याकाळी मी घरी लांबच्या रस्त्याने गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला जायचे की नाही, एवढाच प्रश्न असतो आणि तो फार मोठा असतो. कान त्यानंतर परत गेला आणि २००३ मध्ये बायर्नने लीग आणि चषक दोन्ही जिंकले. २००२ च्या विश्वचषकातला सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याला सुवर्णचेंडू मिळाला होता. तो मिळवणारा तो आजवरचा एकमेव गोलरक्षक आहे. मतदान अंतिम सामन्याआधी झाले होते म्हणून काही जण त्या पुरस्काराला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. सहा सामने त्यानेच तो संघ ओढत आणला होता.

मधली फळी

दोन्ही प्रतिसाद मनापासून लिहिलेले आहेत, परंतु २००६ च्या निर्णयाकडे कानवर झालेला अन्याय म्हणून पाहिले जाऊ नये, एवढ्यासाठी थोडे लिहितो.

१९९२ मध्ये बॅकपासचा नियम बदलला. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईनासा झाला. कान तेव्हा तेवीस वर्षांचा होता, म्हणजे त्याची घडण जुन्या नियमाखाली झालेली होती. गोलरेषेवर उभे राहून, शरीर झोकून देऊन, समोरासमोरच्या लढाईत आघाडीच्या खेळाडूला दबावाखाली आणून फटका अडवणे हे त्याचे खरे बलस्थान. लेहमन त्याच्यापेक्षा अवघ्या काही महिन्यांनी लहान, पण तो पुढे येऊन खेळत असे, उंच क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर येणारे चेंडू, लवकर टिपत असे आणि पायाने चेंडू खेळवायला बिचकत नसे. क्लिन्समन यांना बचावफळी मैदानाच्या मध्याकडे सरकवून खेळायचे होते. अशी फळी पुढे गेली की तिच्यामागे जी तीस-चाळीस मीटर मोकळी जागा राहते ती राखायला पुढे येणारा गोलरक्षक लागतो. निर्णय जाहीर झाला त्याच्या दोनच दिवस आधी, ५ एप्रिलला, लेहमनच्या आर्सेनलने युव्हेंटसला चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढले होते. त्याचा त्या वेळचा खेळ पाहता ही निवड खेळाच्या हिशेबाने चुकीची नव्हती.

कानच्या हातून त्या वर्षांत चुका होत होत्या, हेही नोंदवायला हवे. फेब्रुवारी २००४ मध्ये म्युनिकला रेआल माद्रिदविरुद्ध बायर्न १-० ने पुढे होता आणि रॉबर्टो कार्लोसची लांबवरची फ्री किक कानच्या अंगाखालून गोलमध्ये गेली. सामना १-१ असा सुटला आणि माद्रिदची परतीची लढत बायर्नने एका गोलने गमावली.

ज्या रीतीने ही निवड केली गेली, तिच्याविषयी मात्र आक्षेप घेता येतो. २००४ मध्ये क्लिन्समन आले, कानकडून कर्णधारपद काढून बालाकला दिले गेले, कान आणि लेहमन यांना आलटून पालटून खेळवले गेले, आणि कानची बाजू उघडपणे घेणारे गोलरक्षक-प्रशिक्षक सेप मायर यांना त्याच वर्षी बाजूला करून त्यांच्या जागी कोपके यांना आणले गेले. दीड वर्ष दोन माणसांना एका जागेसाठी रोज झुंजवत ठेवले. लेहमनचाही त्यात कस लागलाच.

गोलखांब

मधली फळी, आपण बचावफळीमागच्या जागेचा जो मुद्दा मांडला तो मी माझ्या लेखात टाळला होता आणि तो टाळायला नको होता. निवड योग्य होती, हे मला मान्य आहे. त्यामुळे माझे म्हणणे आणखी पक्के होते असे वाटते. अन्याय झाला असता तर त्याला अन्यायाचा आधार घेता आला असता. समोरचा माणूस या कामासाठी आपल्यापेक्षा अधिक योग्य ठरवला गेला आहे आणि कदाचित ते खरेही आहे, हे पचवून त्याच्यासमोर वाकणे त्याहून अवघड.

रंकाळा, चेंडू अंगात जिरवण्याविषयी आपण लिहिलेले वाचून मी तो गोल पुन्हा पाहिला. वीस वर्षे मी फक्त चेंडू पाहत होतो. या वेळी हात पाहिले.

नेकारकाठ

मी गेली बावीस वर्षे स्टुटगार्टमध्ये राहते आणि ८ जुलै २००६ चा तिसऱ्या क्रमांकाचा सामना आमच्याच शहरात झाला, म्हणून हा प्रतिसाद. जर्मनी उपांत्य फेरीत डॉर्टमुंडला इटलीकडून जादा वेळेच्या अगदी शेवटी हरली होती आणि सारा देश दोन दिवस सुन्न होता. मग बातमी आली की पोर्तुगालविरुद्ध लेहमन बाहेर बसेल आणि कान खेळेल, तेही कर्णधार म्हणून. आमच्याकडे तिकीट नव्हते. नवरा आणि मी राजवाड्यासमोरच्या चौकात मोठ्या पडद्यासमोर उभे होतो. संघ मैदानात आले आणि पडद्यावर कानचा चेहरा दिसला, तेव्हा चौकात जो आवाज उठला तो त्या महिन्यात मी गोलनंतरही ऐकला नव्हता. माझ्याशेजारी एक वयस्क बाई होत्या. त्या मला म्हणाल्या की, मला बायर्न कधीच आवडला नाही, हा माणूसही आवडला नाही, पण आज याच्यासाठी आले आहे.

जर्मनी ३-१ ने जिंकली. श्वाइनश्टायगरने दोन गोल केले आणि त्याच्याच फ्री किकवर पोर्तुगालकडून स्वयंगोल झाला. कानने काही अप्रतिम बचाव केले. त्या रात्रीच त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती जाहीर केली. तो ८६ वा सामना.

त्या बाईंच्या बोलण्यामागचा इतिहास मराठी वाचकांना ठाऊक असायला हवा. कान हा इथे कित्येक वर्षे सर्वांत तिरस्कृत खेळाडूंपैकी एक होता. परक्या मैदानांवर त्याच्यावर केळी फेकली जात आणि तो चेंडूजवळ आला की माकडासारखे आवाज काढले जात. एप्रिल २००० मध्ये फ्रायबुर्गला प्रेक्षकांतून फेकलेला गोल्फचा चेंडू त्याच्या डोक्याला लागला आणि चेहरा रक्ताने माखला. ज्या लोकांनी त्याला 'टायटन' हे नाव दिले, त्यांतल्याच अनेकांनी आधी हे केले होते. २००२ मधल्या खांबाजवळच्या त्या दृश्याने लोक पालटले, असे मला वाटते. हरलेला कान त्यांनी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिला.

शिट्टी

मी जिल्हा पातळीवर पंच म्हणून काम केले आहे आणि या धाग्यातला आदर मला मान्य असला तरी चित्र पुरे व्हावे, असे वाटते. ३ एप्रिल १९९९ रोजी डॉर्टमुंडविरुद्धच्या सामन्यात कान दोन्ही पाय हवेत घेऊन श्टेफान शापुइसाच्या दिशेने झेपावला होता, आणि त्याच सामन्यात हायको हेरलिशच्या मानेजवळ तोंड नेऊन चावल्यासारखे केले होते. ती झेप लागली असती तर समोरच्याची कारकीर्द संपली असती. जिद्द या शब्दाखाली हे झाकले जाऊ नये. प्रेक्षकांनी केळी फेकणे हे केव्हाही निंद्यच, पण मैदानावरच्या त्याच्या वागण्याची जबाबदारी त्याचीच आहे.

३ मार्च २००१ चा रोस्टॉकचा सामना मात्र मी नव्या पंचांना आवर्जून सांगतो. बायर्न ३-२ ने मागे होता, शेवटची मिनिटे चालू होती, आणि कॉर्नरसाठी कान समोरच्या गोलपर्यंत धावत गेला. चेंडू आला आणि त्याने दोन्ही हातांनी ठोसा मारून तो जाळ्यात घातला. आपल्या पेनल्टी क्षेत्राबाहेर गोलरक्षक हा नियमाने इतर दहा जणांसारखाच खेळाडू असतो, तेव्हा हा सरळ सरळ हँडबॉल. त्याला आधी एक पिवळे कार्ड मिळालेले होते, दुसरे मिळाले आणि तो बाहेर गेला. सवयीने हात वर गेले, असे त्याने नंतर सांगितल्याचे वाचले आहे. सवय म्हणून मी ते समजू शकतो. कार्ड तरीही द्यावेच लागते.

गोलखांब

शिट्टी, आपला आक्षेप योग्य आहे. डॉर्टमुंडची ती झेप मला आजही पाहवत नाही आणि तिचे समर्थन मी करणार नाही. तो हंगाम पुढे कसा संपला, ते मात्र इथे सांगतो, कारण व्यक्तिगत निरोपातून दोघांनी १९९९ आणि २००१ विषयी विस्ताराने लिहायला सुचवले आहे.

२६ मे १९९९, बार्सिलोना. चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्न सहाव्या मिनिटापासून मँचेस्टर युनायटेडविरुद्ध १-० ने पुढे होता. बायर्नचा एक फटका खांबाला आणि एक आडव्या पट्टीला लागला होता. नव्वद मिनिटे झाली आणि बेकहॅमच्या दोन कॉर्नरवर दोन गोल झाले, आधी शेरिंगहॅमचा आणि मग सोल्शायरचा. तीन मिनिटांत चषक गेला.

दोन वर्षांनी, १९ मे २००१ रोजी बायर्नला बुंडेसलिगा जिंकण्यासाठी हॅम्बुर्गमध्ये फक्त बरोबरी हवी होती. नव्वदाव्या मिनिटाला बार्बारेझने हेडर मारून हॅम्बुर्गला पुढे नेले. तिकडे गेल्झेनकिर्शेनमध्ये शाल्केने आपला सामना ५-३ ने जिंकला होता आणि विजेतेपद आपलेच, या समजुतीने लोक मैदानात उतरून रडत, नाचत होते. हॅम्बुर्गमध्ये बायर्नचे खेळाडू खाली बसले होते. हे दृश्य आपण नक्की पाहावे : गोल खाल्लेला गोलरक्षक सगळ्यांत आधी उठतो, चेंडू घेतो आणि एकेकाला ढकलत, ओरडत उभे करतो. आणखी मिनिटे शिल्लक आहेत, एवढेच तो सांगत होता. मग हॅम्बुर्गचा गोलरक्षक मथियास शोबर याने सहकाऱ्याकडून आलेला चेंडू हातात घेतला आणि पंच मार्कुस मेर्क यांनी पेनल्टी क्षेत्राच्या आत अप्रत्यक्ष फ्री किक दिली. मधली फळी यांनी ज्या बॅकपासच्या नियमाने कानची जागा नंतर गेल्याचे लिहिले, त्याच नियमाने त्या दिवशी त्याला विजेतेपद दिले. हा शोबर मूळचा शाल्केचाच, हॅम्बुर्गकडे उसना दिलेला. बायर्नच्या एफेनबर्गने चेंडू सरकवला, बचावपटू पॅट्रिक अँडरसनने खेळाडूंच्या गर्दीतून तो जाळ्यात मारला आणि सामना १-१ झाला. कान धावत कोपऱ्यात गेला, तिथला झेंडा उपटला आणि तो हातात धरून पाठीवर आडवा पडला. 'पुढे, सतत पुढे' या अर्थाचे त्याचे जे जर्मन वाक्य आज म्हणीसारखे वापरले जाते, ते त्या दिवशीचे.

आणि अवघ्या चार दिवसांनी, २३ मे रोजी, मिलानचे सान सिरो. समोर व्हॅलेन्सिया, जिला सात गोल मारताना कान कार्ल्सरूहेच्या गोलमध्ये उभा होता. तिसऱ्याच मिनिटाला मेन्दिएताने पेनल्टीवर गोल केला. लगेच बायर्नला पेनल्टी मिळाली आणि शोलचा फटका व्हॅलेन्सियाचा गोलरक्षक कान्यिझारेस याने पायाने अडवला. उत्तरार्धात एफेनबर्गने तिसरी पेनल्टी गोलमध्ये घातली आणि १२० मिनिटांनंतरही १-१ कायम राहिले.

शूटआऊटमध्ये बायर्नचा पहिलाच फटका पाउलो सर्जिओने वर मारला. म्हणजे कानला सुरुवातीपासून तूट भरून काढायची होती. व्हॅलेन्सियाच्या मेन्दिएता आणि केअरू यांनी गोल केले. तिसरा आला झाहोविच आणि कानने तो अडवला. बरोबरी झाली न झाली तोच अँडरसनचा फटका कान्यिझारेसने थोपवला, हॅम्बुर्गचा नायक चार दिवसांत चुकला. आता कार्बोनी. त्याने जोरात, गोलच्या मध्याकडे मारला. कान बाजूला झोकला गेला होता, पण त्याचा वरचा हात मागे राहिला होता आणि त्या हाताला लागून चेंडू आडव्या पट्टीवर आदळला. गोलरक्षक किती लांब उडाला याचेच कौतुक होते. शरीर एका बाजूला जात असताना एक हात मध्यावर राखून ठेवणे हे शिकून येते आणि ते त्या वेळी आठवावे लागत नाही. पाच-पाच फटक्यांनंतरही बरोबरीच होती. मग सडन डेथमध्ये, म्हणजे एकाचा फटका चुकला आणि दुसऱ्याचा लागला की सामना संपतो त्या टप्प्यात, लिझाराझू, किली गोन्झालेझ आणि लिंके यांनी गोल केले. शेवटी पेलेग्रिनो. कानने तो अडवला आणि बायर्न ५-४ ने युरोपचा विजेता झाला.

सगळे सहकारी कानच्या दिशेने धावत होते. कान्यिझारेस गवतावर पडून रडत होता, आणि थोड्या वेळाने कान त्याच्याजवळ गेला, खाली वाकून त्याला धीर दिला. त्यासाठी त्याला युएफाचा फेअर प्ले पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये त्याने लेहमनसमोर वाकणे हे मला अचानक आलेले वाटत नाही, ते यामुळे. पेनल्टीच्या वेळी गोलरक्षक किती एकटा असतो, हे त्याला आधीपासून ठाऊक होते आणि समोरचाही तसाच एकटा आहे, हेही.

मधली फळी

उत्तम लिहिले आहे. एक भर घालतो. २००७-०८ या त्याच्या शेवटच्या हंगामात बायर्नने बुंडेसलिगाच्या ३४ सामन्यांत फक्त २१ गोल खाल्ले, जो तेव्हाचा विक्रम होता, आणि लीग व चषक दोन्ही जिंकले. ५५७ बुंडेसलिगा सामने खेळून तो थांबला. २००६ मध्ये बाकावर बसवलेला माणूस अडतिसाव्या वर्षी असा निरोप घेतो, ही गोष्ट धाग्यात यायला हवी होती.

नंतरची बायर्नच्या कार्यालयातली वर्षे फारशी सुखाची गेली नाहीत. १ जुलै २०२१ रोजी तो क्लबचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला आणि २७ मे २०२३ रोजी, संघाने कोलोनमध्ये ८९ व्या मिनिटाच्या गोलवर विजेतेपद मिळवले त्याच दिवशी, त्याला पदावरून दूर केल्याचे जाहीर झाले.

सॉल्ट लेक

२७ मे ही तारीख वाचून थांबलो. २७ मे २००८ रोजी मी कोलकात्यात होतो आणि बायर्नच्या जर्सीतला कानचा निरोपाचा सामना मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून उशिरा का होईना लिहितो.

नोकरीनिमित्त मी तेव्हा पाच वर्षे तिकडे राहत होतो. बायर्न म्युनिक मोहन बागानविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळायला सॉल्ट लेक स्टेडियमवर येणार आणि तो कानचा क्लबसाठीचा अखेरचा सामना असणार, हे कळल्यापासून कचेरीत दुसरा विषय नव्हता. प्रशिक्षक ओटमार हिट्झफेल्ड यांचाही बायर्नबरोबरचा तो निरोपाचाच सामना. सुमारे १,२०,००० प्रेक्षक आले होते, असे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आले. मी मोजले नाहीत, पण जिन्यातसुद्धा पाय ठेवायला जागा नव्हती, हे खरे. मे महिन्याचा उकाडा असा होता की बसल्या जागी शर्ट पिळून काढावा.

सामना बायर्नने ३-० ने जिंकला. खेळ म्हणून त्यात सांगण्यासारखे थोडे आहे. कानकडे फार चेंडू आले नाहीत. मला आठवते ते सामन्याआधीचे. गोलरक्षक बाकीच्यांच्या आधी सरावाला येतात तसे ते आले. माझी जागा गोलच्या मागे, वरच्या बाजूला होती. मैत्रीपूर्ण सामना, निरोपाचा, समोर भारतीय क्लब, जमिनीतून वाफा निघत आहेत. दोन-चार चेंडू अडवून हात हलवला असता तरी लाख माणसे खूश झाली असती. त्याने पूर्ण सराव केला. समोरून फटके, मग उजवीकडून, मग डावीकडून, मग उंच क्रॉस. एक चेंडू त्याच्या हातून निसटला आणि खांबाजवळून बाहेर गेला. त्याने हाताने खूण करून तसाच चेंडू पुन्हा मागवला, पकडला, आणखी एकदा मागवला आणि पुन्हा पकडला.

उत्तरार्धात त्याला बदलले आणि त्याच्या जागी मिखाएल रेन्सिंग आला. अख्खे स्टेडियम उभे राहिले. माझ्या पुढच्या रांगेत मोहन बागानची हिरवी-मरून जर्सी घातलेले एक काका होते, सामनाभर ते आपल्या संघाच्या नावाने ओरडत होते. ते उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. कान बाहेर जाताना वर पाहत होता, आणि हातमोजे त्याने तोवर काढलेले नव्हते.